घराबाहेर लोंबणारी जुनी फोनची वायर: फोन बंद केला म्हणून ती मेली असं नाही

मे महिन्याच्या शेवटी गोव्यातल्या साखळीजवळ मावशीच्या घरी कौलं परतायचं काम चाललं होतं, पावसाच्या तोंडावरचं दरवर्षीचं काम. वर चढलेल्या माणसाने वळचणीखाली लोंबणारी एक काळी वायर हातात धरली आणि वरूनच विचारलं, "बाई, ही कापू काय? उगाच मध्ये मध्ये येते." मावशी म्हणाली काप बाबा, तो फोन बंद करून आम्हाला सात वर्षं झाली. त्याने कंबरेची कोयती काढली आणि मी खालून ओरडलो की थांब, हात काढ आधी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फोनच्या वायरीला कोण घाबरतं?

घाबरायचं नाही, पण ती काय आहे ते समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. गोव्यात वायरींचा विषय तसाही गाजतोय. वीज खात्याने आपल्या खांबांवरच्या विनापरवाना केबल कापायला घेतल्या, इंटरनेटवाले हायकोर्टात गेले, मध्येच लोकांचं नेट बंद पडलं, हे सगळं आपण बघितलं. पण त्या चर्चेत आपल्या स्वतःच्या भिंतीवर, पडवीच्या खांबाला, माडाला गुंडाळून राहिलेल्या जुन्या टेलिफोन वायरीबद्दल कोणी बोलत नाही. ०८३२ने सुरू होणारा लँडलाईन एके काळी घरोघरी होता, मोबाईल आले तसे लोकांनी फोन परत केले, यंत्र गेलं आणि वायर तिथेच राहिली.

ही वायर येते कुठून

थोडक्यात रस्ता बघूया. गावातल्या किंवा शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघते. ती रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटापर्यंत येते, त्याला पिलर म्हणतात. तिथून बारीक केबल वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत येते आणि खांबावर नाहीतर भिंतीवर एका छोट्या डब्यात संपते. हा डबा म्हणजे डीपी. डीपीतून प्रत्येक घरासाठी एकच दोन तारांची वायर हवेतून येते, ती ड्रॉपवायर. ही घरात शिरते आणि भिंतीवरच्या एका चौकोनी डबीत संपते, तिला रोझेट म्हणतात. एवढे शब्द लक्षात राहिले तरी पुरे, पुढे डीपी, ड्रॉपवायर आणि रोझेट एवढेच वापरतो.

नळाच्या पाण्याशी ताडून बघा. एक्स्चेंज म्हणजे टाकी, डीपी म्हणजे वाड्यावरचा व्हॉल्व्ह, ड्रॉपवायर म्हणजे आपल्या दारापर्यंतचा पाईप आणि रोझेट म्हणजे आपला नळ. आपण फोन परत केला म्हणजे नळाची तोटी काढून नेली. वरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला की नाही हे आपल्याला घरात बसून कळत नाही, सगळी गोम इथेच आहे.

फोनच्या तारेत करंट असतो का

असतो. लँडलाईनचं यंत्र घरातल्या लाईटवर चालत नव्हतं, आठवा, वादळात गावाची लाईट गेली तरी फोन चालू असायचा. कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून याच दोन तारांवरून येते, साधारण ४८ व्होल्ट डीसी. डीसी म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज. रिसीव्हर खाली ठेवलेला असतो तेव्हा यंत्रातला रस्ता तुटलेला असतो, करंट वाहत नाही. रिसीव्हर उचलला की दोन्ही तारा यंत्रातून जोडल्या जातात, थोडासा करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं की या घरातल्या माणसाने फोन उचललाय, मग तो डायल टोन देतो. घंटा वाजवायची असेल तेव्हा एक्स्चेंज त्याच तारांवर वेगळा, मागेपुढे होणारा करंट सोडतो आणि तो ७० ते ९० व्होल्टच्या आसपास असतो.

कोरड्या हाताला ४८ व्होल्ट बहुतेकदा जाणवतही नाहीत. ओल्या हाताने, घामेजलेल्या अंगाने, त्यात नेमकी घंटा वाजत असताना धरलं तर मात्र चांगला झटका बसतो. तो सहसा जीवावर बेतत नाही, पण माणूस शिडीवर असेल तर झटक्याने हात सुटतो आणि खाली पडून व्हायचं ते होतं. खरा धोका या ४८ व्होल्टचा नाहीच, तो पुढे सांगतो. त्याआधी पावसाचं बघू, कारण ज्यांचा लँडलाईन अजून चालू आहे त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

पाऊस लागला की फोनमध्ये खरखर का येते

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ड्रॉपवायर वर्षानुवर्षं उन्हात तापते, वरचं काळं आवरण कडक होऊन तडकतं, माडाचं चुडत पडून ओरबाडतं, खारी आणि उंदीर कुरतडतात, कौलाच्या नाहीतर पत्र्याच्या कडेला घासून आवरण झिजतं. आतलं तांबं उघडं पडलं की त्याला पाणी लागतं. निव्वळ शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही, पण किनारपट्टीला हवेतलं मीठ वायरीवर बसलेलं असतं, आत डिचोली-सत्तरीकडे धूळ बसलेली असते, ते पाण्यात विरघळलं की दोन तारांमध्ये करंटला चोरवाट मिळते.

चोरवाट छोटी असली तर खरखर ऐकू येते. मोठी झाली की फसगत होते, एक्स्चेंजला वाटतं की या घरात कोणीतरी रिसीव्हर उचलून ठेवलाय, कारण त्याला फक्त करंट वाहतोय एवढंच कळतं, तो माणसाने उचलला की पाण्याने ते कळत नाही. म्हणून मुंबईचा भाऊ सांगतो की तुझा फोन सकाळपासून एंगेज लागतोय आणि इथे घरात कोणी फोनला हातसुद्धा लावलेला नसतो. ऊन पडलं, जोड सुकला, फोन आपोआप सुरू. लाईनमन येतो तेव्हा सगळं ठीक असतं आणि तक्रार 'दोष आढळला नाही' म्हणून बंद होते. माझ्याच घरी एका पावसाळ्यात हे चार वेळा झालं, तो माणूस खोटं बोलत नव्हता आणि मीही बोलत नव्हतो, पण कागदावर मात्र तक्रार मिटलेली दिसायची.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज. तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तो हिरवा थर आपण सगळ्यांनी बघितलाय. ओल्या जोडामध्ये तांब्यावर तसाच थर येतो, आणि तारेत सतत डीसी असल्यामुळे तो जास्त भराभर येतो, कारण ओलाव्यातून करंट गेला की एका बाजूचं तांबं हळूहळू खाल्लं जातं. ज्या बाजूला धन टोक असतं ती बाजू खाल्ली जाते, म्हणून टेलिफोनवाल्यांनी पहिल्यापासून बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलं आणि लाईनवर उणे ४८ व्होल्ट ठेवले, तार शक्य तेवढी वाचावी म्हणून. तरी दोन तारा शेजारी शेजारी एकाच ओल्या जोडात असतील तर त्यातली एक झिजतेच.

आणि ही गोष्ट मला स्वतःला कळली तेव्हा जुनं कोडं सुटलं. कळंकाचा पातळ थर बोलण्याच्या बारीक करंटला अडवतो, पण घंटेच्या ७०-९० व्होल्टचा धक्का बसला की तो थर थोडा वेळ फुटतो आणि लाईन स्वच्छ होते. म्हणजे खरखर आहे म्हणून तुम्ही तक्रार करता, तिकडून टेस्ट करायला कोणीतरी तुमच्या नंबरवर फोन लावतो, घंटा वाजते, तुम्ही उचलता आणि खरखर गायब! तासाभराने परत चालू. हे तुमच्या घरी होत असेल तर दोष जवळपास नक्की एखाद्या गंजलेल्या जोडात आहे, यंत्रात नाही. तक्रार करताना हेच वाक्य सांगा, "घंटा वाजली की थोडा वेळ साफ होतो", जाणत्या लाईनमनला पुढचं सांगावं लागत नाही.

खरखर नसून सतत 'घूंऽऽ' असा आवाज असेल तर प्रकार वेगळा. फोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून एकत्र नेतात, त्यामुळे शेजारच्या विजेच्या तारेचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि यंत्र फक्त दोघींमधला फरक ऐकतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसं. पण एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला, पत्र्याला, झाडाला टेकली की एक पारडं हललं आणि विजेची घूं ऐकू यायला लागली. म्हणजे आवरण सोललेली वायर कुठेतरी टेकलीय, आधी ते शोधायचं.

तांब्याच्या लाईनवर ब्रॉडबँड असेल तर हे दुखणं फोनच्या आधी नेटला कळतं, मोडेम पावसात सारखा तुटतो आणि जुळतो. कधी उलटंही होतं, दोनपैकी एक तार तुटलेली असते, फोन पूर्ण गप्प आणि नेट मात्र रडतखडत चालू. कारण नेटचे संकेत खूप जलद कंपनांचे असतात, ते छोट्या फटीवरून उडी मारू शकतात, बोलण्याचे मारू शकत नाहीत. तेव्हा 'नेट चालू आहे म्हणजे वायर चांगली आहे' हे कोणी म्हणालं तर ऐकू नका.

फोन तर कधीच बंद केला, मग वायरीत काय राहिलं

आता मावशीच्या वायरीकडे येऊ. फोन बंद करताना कंपनीने एक्स्चेंजमधली जोडणी काढली असेल तर लाईन रिकामी. पण काढलीच असेल याची खात्री नाही, कित्येकदा नंबर कॉम्प्युटरवर बंद होतो आणि तारांची जोडी जिथल्या तिथे राहते. मावशीकडे पुढे लाईनमन आला तेव्हा त्याने मीटर लावला आणि काटा ५०च्या जवळ जाऊन थांबला, सात वर्षांनी.

पण हेही सोडा. धरून चला की एक्स्चेंजने जोडणी काढली. तरी ती वायर काय आहे? शेदीडशे मीटर लांब तांबं, खांबापासून तुमच्या घरात आलेलं. वाटेत ती विजेच्या तारेखालून किंवा शेजारून जाते. वादळात फांदी पडली, विजेची तार खाली आली आणि फोनच्या वायरीवर टेकली, तर २३० व्होल्ट सरळ तुमच्या पडवीत येतात. ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन असेल तर बोलायलाच नको. लोकांना वाटतं असं झालं तर फ्यूज उडेल. फ्यूज तेव्हा उडतो जेव्हा खूप मोठा करंट वाहतो. ओल्या फांदीतून, अर्धवट सोललेल्या आवरणातून, कोरड्या भिंतीला टेकलेल्या वायरीतून तेवढा वाहत नाही, म्हणून फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तशीच करंट घेऊन लोंबत राहते, कोणीतरी हात लावेपर्यंत. माणूस मरायला फ्यूज उडवणाऱ्या करंटपेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो.

तिसरा पाहुणा म्हणजे आकाशातली वीज. एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि परत पाऊस माघारी जाताना गोव्यात गडगडाट जोरात असतो. वीज नेमकी तुमच्या घरावरच पडायला हवी असं नाही, दूर कुठे खांबाजवळ पडली तरी लांब तारेत जोराचा झटका उठतो आणि तो तारेच्या दोन्ही टोकांकडे धावतो. म्हणून गडगडाटात वायरचा फोन कानाला लावू नये असं जुने लोक सांगायचे ते बरोबरच होतं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबावं. यंत्र नाही, नुसतं टोक टेबलामागे पडलंय, तरी झटका तिथपर्यंत येणारच, फरक एवढाच की तिथे आता यंत्राऐवजी पडदा असतो, लाकडी कपाट असतं, नाहीतर खेळणारं मूल असतं.

"टेस्टर लावला, पेटला नाही"

हे मी खूप जणांकडून ऐकलंय आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्या घरातला स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर म्हणजे आत छोटा निऑन दिवा, तो पेटायला साधारण ६०-७० व्होल्ट तरी लागतात. ४८ व्होल्टवर तो पेटणारच नाही. न टेकवता पिंपिं वाजणारे टेस्टर असतात ते तर डीसी ओळखतच नाहीत. आणि समजा आत्ता खरंच काही नाही, तरी दहा मिनिटांनी वारा सुटला आणि तिकडे खांबावर तार टेकली तर? टेस्टर फक्त त्या क्षणाचं सांगतो.

दुसरं म्हणजे "आमच्याकडे ईएलसीबी आहे". ईएलसीबी म्हणजे करंट गळला की घराची लाईट पाडणारं बटण, फार चांगली गोष्ट, प्रत्येक घरात असावी. पण ती तुमच्या बोर्डातून गेलेला करंट मोजते. फोनच्या वायरीवरून आलेला करंट तुमच्या बोर्डातून आलेलाच नाही, तिला तो दिसत नाही. पुढच्या दाराला चांगलं कुलूप आहे आणि माणूस मागच्या खिडकीतून आत आला, तसं.

पण आधी ती फोनचीच आहे कशावरून

खालून उभं राहून, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, वर चढू नका. विजेची सर्व्हिस वायर जाड असते, खांबावरून येते आणि मीटरच्या पेटीत जाते. केबल टीव्हीची वायर गोल, करंगळीएवढी, वाटेत कुठे चंदेरी डबे लागतात. फोनची ड्रॉपवायर बारीक, बहुतेक काळी, चपटी किंवा दोन तारांना पीळ घातलेली, आणि रोझेटमध्ये संपते. फायबरचीही बारीक काळी किंवा पांढरी असते, ती घरात वायफायच्या डब्याला जाते आणि टोकाला बहुतेक हिरवा छोटा प्लग असतो.

फायबरमध्ये काचेचा धागा असतो, वीज नसते, म्हणून ती निर्धोक असं लोक धरून चालतात. अर्धंच खरं. ताण सहन करायला बऱ्याच फायबर वायरींमध्ये स्टीलची तार घातलेली असते, ती विजेच्या तारेला टेकली तर करंट तीही आणते. तुटलेल्या टोकाची काच कातडीत घुसते आणि दिसत नाही, आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नये, आतला प्रकाश आपल्याला दिसत नाही पण डोळ्याला लागतो.

वायर जमिनीवर पडलेली असेल आणि ओळख पटत नसेल तर ती विजेची आहे असंच समजायचं. लांब राहायचं, पोरांना, कुत्र्यांना, गुरांना लांब ठेवायचं, काठीने उचलायची नाही कारण ओली काठी करंट देते. वीज खात्याचा तक्रार नंबर १९१२, आणि कोणाला लागलेलं असेल तर ११२.

स्वतःच कापून टाकली तर काय बिघडलं

एकतर वर सांगितलं ते. दुसरं, वायर कदाचित तुमची एकट्याची नसेल. आपल्या वाड्यांवर घरं एकमेकांना लागून, एका घराच्या भिंतीला हूक मारून वायर पुढच्या घराला गेलेली असते. तुम्ही मेलेली म्हणून कापली ती शेजारच्या आजीची चालू लाईन निघते, जिला मोबाईल नीट ऐकू येत नाही. तिसरं, कायदा. डीपीपासून घरातल्या पहिल्या रोझेटपर्यंतची वायर साधारणपणे कंपनीची, त्यापुढची घरातली आपली. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यापासून मुद्दाम तार तोडणं हा गुन्हा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, आणि २०२३च्या नव्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातही नुकसानीला दंड आहे. आपल्या पडवीतला लोंबता तुकडा कापला म्हणून कोणाला पकडून नेतील असं मी म्हणत नाही, तो कायदा मुद्दाम नुकसान करणाऱ्यांसाठी आहे. पण भांडण झालंच तर आपण कशाला चुकीच्या बाजूला उभं राहायचं.

उलट बाजूही सांगतो, खाजगी जागेतून वायर न्यायला मालकाची संमती लागते हे त्याच नव्या कायद्यात आहे. म्हणजे तुमच्या कुळागरावरून, माडा-पोफळीच्या बागेवरून कोणीही न विचारता केबल ओढली तर 'ही हलवा' असं लेखी म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणि एक, काही जण तांबं विकायला जुनी वायर जाळतात. आवरण बहुतेक पीव्हीसीचं असतं, ते जळताना निघणारा धूर आम्लाचा आणि विषारी असतो, परसात पाचोळ्याबरोबर तर अजिबात जाळू नका.

मग काढायची कशी

ज्याची आहे त्याच्याकडून, आणि लेखी. फोन चालू असेल तर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा, फक्त लाईनमनला ओळखीने फोन करून थांबू नका, त्याची कुठेच नोंद राहत नाही. प्रत्येक टेलिकॉम कंपनीला तक्रार केंद्र आणि त्यावर अपिलाची जागा ठेवावीच लागते, २०१२पासून ट्रायचा तसा नियम आहे. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. लाईन जास्त दिवस बंद राहिली तर भाड्यात सूट मागता येते, तेही मागा.

फोन बंद केलेला असेल तर तक्रार केंद्र म्हणतं नंबर सिस्टीममध्ये नाही. मावशीचं तसंच झालं, दोनदा. मग आम्ही एक साधा अर्ज लिहिला, त्यात जुना नंबर, फोन कधी बंद केला, वायर कुठल्या खांबावरून येते, खांबावर रंगवलेला नंबर, आणि 'ही विजेच्या तारेखालून जाते आणि घराच्या वळचणीला लोंबते, धोका आहे' हे वाक्य, सोबत दोन फोटो. एक्स्चेंजमध्ये दिला, पोच घेतली, एक प्रत पंचायतीत. 'वायर घाण दिसते' लिहिलं असतं तर कागद पडून राहिला असता, धोका नेमका कुठे आहे ते लिहिल्यावर आठवड्याभरात माणूस आला. फोन बंद करणार असाल तर डिपॉझिट परत मागताना त्याच अर्जात 'ड्रॉपवायर डीपीपासून काढून न्यावी' एवढं घाला, नंतरची धावाधाव वाचते.

वायर कोणाचीच नाही असं सगळे म्हणाले तर खांब कोणाचा ते बघा. विजेचा असेल तर वीज खात्याच्या सबडिव्हिजनला तोच अर्ज.

चालू लाईन असेल तर आपल्या हातात काय आहे

दोष घरातला की बाहेरचा एवढं आपण शोधू शकतो. कोरड्या दिवशी, आकाश स्वच्छ असताना, घरातली एक्स्टेन्शनं, मोडेम, सगळं काढा आणि चांगलं चालणारं एकच यंत्र सरळ रोझेटला लावा. खरखर गेली तर दोष आपल्या घरातल्या वायरींचा, राहिली तर बाहेरचा. रोझेट उघडून बघा, मुंग्यांनी घर केलेलं असतं हे मी थट्टेने सांगत नाही, ओलसर माती तारांमध्ये भरून ठेवतात आणि लाईन बसते. कोरड्या ब्रशने झाडायचं, पाणी नको, तेल नको.

वायर भिंतीत शिरते तिथे नीट बघा. पावसाचं पाणी वायरीवरून घसरत घसरत येतं आणि सरळ भोकातून आत, मग भिंतीला ओल, रोझेटला गंज. भोकाच्या आधी वायरीला खाली एक झोळ हवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला येऊन पागोळीसारखं तिथेच गळून पडतं, वर चढून भोकात जात नाही. वायर बसवतानाच लाईनमनला सांगा, त्याचा एक मिनिट जातो आणि आपली भिंत वाचते.

जोडावर काळी टेप गुंडाळली की काम झालं असंही नाही. टेप पहिल्या उन्हाळ्यात सैल होते, पावसात आत पाणी घेते आणि मग तेच पाणी धरून ठेवते. जोडासाठी आत जेली भरलेले छोटे कनेक्टर येतात, लाईनमनकडे असतात, ते मागा. जोड शक्यतो वळचणीच्या आत, हवेत लोंबता नको. आणि वायर जुनी तडकलेली असेल तर जोडावर जोड मारण्यापेक्षा डीपीपासून नवीन अखंड ओढायला सांगा, त्यासाठी हट्ट धरला तरी चालेल.

तांबं जाऊन फायबर येतंय, त्याचं काय

बऱ्याच ठिकाणी आता तांब्याची लाईन दुरुस्त करण्याऐवजी फायबर घ्या म्हणतात, जुना नंबरही बहुतेक वेळा तोच मिळतो. पावसाच्या दृष्टीने चांगलं, काचेला कळंक चढत नाही, खरखर नाही. पण एक फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून सांगा, फायबरमधून वीज येत नाही, त्यामुळे लाईट गेली की घरातला डबा बंद आणि लँडलाईनही बंद. पूर्वी वादळात चालणारा फोन आता चालणार नाही. राउटरसाठी छोटे इन्व्हर्टर मिळतात ते लावून घ्या, विशेषतः घरात कोणी एकटं राहत असेल आणि मोबाईलला रेंज नसेल तर.

आणि फायबर लावायला माणूस येईल तेव्हाच जुनी तांब्याची ड्रॉपवायर काढून न्यायला सांगा. तो म्हणेल ते माझं काम नाही. बरोबर आहे, बहुतेकदा नसतंच, पण तेव्हा अर्ज दिला तर तोच विषय ताजा असतो, नंतर सात वर्षं कोणी बघत नाही.

मावशीकडे लाईनमनने डीपीतून जोडी सोडवली, वायर खांबापासून गुंडाळत आणली, वळचणीखालचा जोड उघडून दाखवला, आत तांबं हिरवंगार आणि एक तार केसाएवढी उरलेली. वायर घेऊन तो गेला. भिंतीत चिऱ्याच्या दोन थरांमधलं भोक राहिलं, ते दुसऱ्या दिवशी कौलं परतणाऱ्यानेच सिमेंटने बुजवलं, बाहेरून जरा उतार देऊन. जूनच्या पहिल्या पावसात मावशीने फोन करून सांगितलं की तिथली ओल या वर्षी आली नाही.